बाकावरची जागा

आठला मराठी उपासना, साडेदहाला कन्नड.
मधला अर्धा तास कुणाचा,
यावर मंडळीच्या कमिटीत दोन वर्षं भांडण.
मी मराठीकडचा, पेटी माझ्या हातात.
शेवटचं गीत मुद्दाम सगळ्या कडव्यांनी वाजवायचो,
कडवी संपली की पहिलं पुन्हा,
म्हणजे बाहेरची मंडळी
अजून थोडी उन्हात उभी राहील.
हा चावटपणा
मला तेव्हा भक्ती वाटायचा.

साडू माझा, रूबेन होसमनी, कन्नडकडचा खजिनदार.
निपाणीच्या एकाच वखारीत, एकाच काट्यावर
आम्ही तंबाखू तोलतो.
त्याला वजन सांगायचं तर मी हमालाला सांगायचो,
हमाल त्याला.
दोघांच्या मध्ये काटा हलत राहायचा.

मरियव्वा हुक्केरीकडच्या वाडीवरून यायची.
तिच्या गावाला सकाळची एकच गाडी,
पाटी कन्नड, कंडक्टरच्या शिव्या मराठी.
तिची उपासना साडेदहाची,
पण ती साडेसातलाच दारात,
पाळकांच्या आधी, माझ्या आधी,
कधी कधी किल्लीच्याही आधी.

शेवटच्या बाकावर भिंतीला लागून बसायची.
शेजारी हातभर जागा मोकळी.
ती जागा पदरानं पुसायची, एकदाच,
पाहुणा यायचा असला की आपण खुर्ची पुसतो तशी.
आमचा अख्खा उपदेश तिच्या डोक्यावरून जायचा.
आमेन तेवढं कळायचं,
तेही ती सगळ्यांच्या मागून म्हणायची,
वाढणारीनं पंगत उठल्यावर
आपलं पान घ्यावं तसं.

एकदा मोडक्या कन्नडमध्ये विचारलं,
आजी, समजत नाही तर इतक्या लवकर कशाला?
कोण येणार आहे?
ती हसली. माझं कन्नड ऐकून असेल.
मग मराठीत बोलली, मोजून चार शब्द,
शेजारणीकडून उसने आणल्यासारखे:
येनार हाय. मी बसते.

जानेवारीतला रविवार. हंगाम जोरात,
तीनदा हात धुऊनही बोटांना तंबाखूचा वास.
शेवटच्या गीताला पेटीची काळी चार खाली गेली
ती वर येईचना.
एकच सूर, हट्टी पोरासारखा,
भात्यातली हवा संपेपर्यंत.
मग तोही गेला.

दुसरी पट्टी शोधली असती.
बोटं निघालीही होती,
कोण बघतंय ते बघायला डोळेही.
पण पाळक थांबले होते, चौदा माणसं थांबली होती,
आणि माझ्याकडे द्यायला
काहीच उरलं नव्हतं.

तेव्हा ऐकू आली कौलांखालची कबुतरं.
बाहेर वाळूत पाय बदलणारी माणसं.
आणि रूबेनचा खोकला.
वखारीच्या धुळीचा तो खोकला
मी अंधारातही ओळखेन,
मलाही तोच आहे.

दार आतून मीच लावायचो.
मीच उघडलं.
म्हणालो, वळग बर्री.
तो मराठीत म्हणाला, दहाच वाजलेत अजून.
म्हणालो, असू दे की.

चपलांचा ढीग झाला. बाकं भरली.
रूबेनला जागा मिळेना, तो शेवटच्या बाकाकडे गेला,
आणि माझा जीव उगाच खाली-वर,
ती पुसलेली जागा ज्याची त्याचीच राहावी म्हणून.
मरियव्वानं हातानंच त्याला बस म्हटलं.
मग ती भिंतीकडे सरकली,
अजून सरकायला जागा होती कुठे कोण जाणे,
आणि दोघांच्या मध्ये
पदरानं पुन्हा पुसलं.

कुणी गीत सुरू केलं आठवत नाही.
दोन भाषांत एकदम, पेटीशिवाय, बेसूर.
मी गात नव्हतो.
मी त्या हातभर लाकडाकडे बघत होतो.

अर्ध्या तासाचं भांडण मिटलेलं नाही,
पुढच्या बैठकीत आहे.
पेटी कोल्हापूरला न्यायचीय, राहूनच जातंय.
किल्ली मात्र मी आता सातला आणतो.

मरियव्वा पायरीवर असतेच.